न झालेल्या साकवाचं नाव

पासलीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापल्याड, धोंडाबाईची वाडी आहे. उन्हाळ्यात या ओढ्यात चिमणीची चोच भिजत नाही आणि आषाढात त्यात म्हैस ठरत नाही. वाडीकरांनी त्यावर दोन ओंडके टाकून पिढ्यान् पिढ्या ये-जा केली. ओंडके वाहून जात, वाडीकर नवे टाकत आणि या व्यवहारात शासनाचा कुठलाही अडथळा नव्हता.

सत्त्याण्णव साली धोंडाबाईची सून शेवंता दुसऱ्यांदा पोटुशी होती. पहिल्या खेपेला भर पावसात ओढा ओलांडता आला नाही आणि बाळ हातचं गेलं. यंदाचे दिवस श्रावणात भरत होते. मुलगा पुण्याला हमाली करत होता, तेव्हा जे करायचं ते धोंडाबाईलाच. साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पक्का पूल, पावसाआधी झालाच पाहिजे असं तिनं मनाशी धरलं आणि वेल्ह्याला एक, चेलाडीला एक अशा एसट्या बदलत ती भोरला 'पायवाट, पाणंद व साकव उपकार्यालया'त येऊन थडकली.

कार्यालयात सगळे उभे होते. दीनानाथसाहेब एका तसबिरीला हार घालत होते. स्वातंत्र्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष असल्यामुळे, जगाला न्यायाची वाट दाखवणाऱ्या प्रत्येक विचारवंताची जयंती व पुण्यतिथी यथोचित गांभीर्यानं साजरी करावी, असं परिपत्रक निघालं होतं.

"मावशी, आज जयंती आहे," कारकून समीना हळूच म्हणाली. "साहेब आता भाषण करतील. कामाचं आज नाही व्हायचं."

पुढच्या खेपेला पुण्यतिथी होती. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा जयंती. चैत्र-वैशाखात थोर माणसं फार जन्मली आहेत, त्याला कोण काय करणार! श्रोते कमी पडत म्हणून धोंडाबाईला पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली, चहाही मिळू लागला. न्याय, समता, विवेक हे शब्द तिला पाठ झाले. साकव हा शब्द मात्र कुठल्याच भाषणात आला नाही.

शेवटी एका कोरड्या दिवशी, ज्या दिवशी कुणीही थोर जन्मलं नव्हतं की मेलं नव्हतं, तिनं दीनानाथसाहेबांना गाठलं.

"साकवासाठी निधी नाही, बाई," साहेब म्हणाले. "यंदाची सगळी तरतूद थोर विचारवंतांच्या स्मृतिजतनाकडे वळवली आहे."

इथं धोंडाबाईनं आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. ती म्हणाली, "मंग त्या साकवालाच येखाद्या थोर मानसाचं नाव द्या की."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शासनात असायला हव्या होतात!"

"मावशी, काय बोलून बसलात हे," समीना पुटपुटली. पण तोवर फायलीला पाय फुटले होते.

आठवड्याच्या आत टेम्पो आला आणि ओढ्यावरचे दोन्ही ओंडके उचलून घेऊन गेला. नियोजित स्मारकाच्या जागी हलक्या दर्जाचं बांधकाम असू नये, असा नियम होता. धोंडाबाई भोरला धावली.

"आवं सायेब, नवा साकव व्हयीस्तवर आमी जायाचं कुठनं?"

"बाई, अन्यायाविरुद्ध जन्मभर झिजलेला माणूस, आणि त्याच्या नावाशेजारी तुम्ही ओंडके ठेवणार? काही चाड?"

धोंडाबाईला चाड होती, म्हणून ती गप्प बसली. हे तिचं चुकलंच.

मग प्रश्न आला, नाव कुणाचं? वाडीतल्या गेनबानं एका विचारवंताचं नाव सुचवलं, मानसिंगनं दुसऱ्याचं. गेनबाच्या विचारवंतानं सांगून ठेवलं होतं की विचार मोठा, नाव नव्हे. मानसिंगच्या विचारवंतानंही तेच सांगितलं होतं, फक्त जरा कडक शब्दांत. त्यामुळे तडजोडीला जागाच उरली नाही. गेनबानं आपल्या विचारवंताचं पान वाचलेलं नव्हतं आणि मानसिंगनं ओळ, पण निष्ठेला वाचनाची अट कुठं असते! एकाच विहिरीवर पाणी भरणारी वाडी दुभंगली. लग्नाच्या पंगती वेगळ्या बसू लागल्या.

"गेनबा, शेवंताला सातवा सरला," धोंडाबाई काकुळतीला येऊन म्हणाली. "नावाचं मागनं बघा. आदी साकव तर हू द्या."

"मावशे, हितं अस्मितेचा सवाल हाय," गेनबा तडकला, "आन् तू बाळंतपनाचं काय घिऊन बसलीस?"

मानसिंगकडे गेली तर तोही हेच बोलला. या एका मुद्द्यावर दोघांचं मतैक्य होतं.

कार्यालयानं यावर सुवर्णमध्य काढला. आधी नामफलक, मग साकव. काळ्या दगडाचा फलक, भोवती लोखंडी कठडा, आणि थोर नावावर पाऊस पडू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर. फलक खरं तर ओढ्यापल्याड वाडीच्या बाजूला लावायचा होता, पण सिमेंट पलीकडे न्यायला साकव नव्हता. म्हणून तो अलीकडे लागला. एवढं झाल्यावर निधी संपला. कोरलेलं नाव फक्त साहेबांना ठाऊक होतं. वाद मिटेपर्यंत त्यावर जाड भरडं फडकं बांधून ठेवलं.

"साकव काय, आज आहे उद्या वाहून जाईल," साहेब समाधानानं म्हणाले. "विचार वाहून जात नाहीत."

श्रावण उजाडला. फडक्याखाली आपलंच नाव असलं पाहिजे, म्हणून गेनबा आणि मानसिंग यांनी एकाच दिवशी भोरला मोर्चे काढले. वाडीतला झाडून सगळा पुरुष सकाळी त्याच ओढ्यातून गेला. कमरेपर्यंत भिजला, पण डोक्यावर धरलेले झेंडे कुणी ओले होऊ दिले नाहीत.

दुपारी शेवंताच्या पोटात दुखायला लागलं.

धोंडाबाईनं तिला बाजेवर निजवलं. चार बाया पुढं, चार मागं. पाणी कमरेला लागत होतं, पायाखालचे दगड सरकत होते. धोंडाबाई आयुष्यात कधी भ्याली नव्हती, ती त्या पाण्यात भ्याली. ओठात एकच शब्द, "सावकास... सावकास..." अलीकडच्या काठाला लागल्या आणि शेवंता म्हणाली, "आत्या, आता न्हाई व्हायाचं माज्यानं." वरून पाऊस कोसळत होता, आणि त्या सगळ्या शिवारात छप्पर एकच होतं.

पोरगी तिथं झाली. नावाखाली. जन्मताच असा टाहो फोडला की बायांना रडू आवरेना. अंगावरचं लुगडं निथळत होतं, बाजेवरची वाकळ निथळत होती. कोरडं म्हणून एकच कापड होतं. धोंडाबाईनं कठड्यात हात घालून ते ओढलं आणि नातीला गुंडाळलं.

पासलीहून फोननं बातमी भोरला पोचली, आणि साहेबांची जीप मोर्चेकऱ्यांच्या आधी ओढ्यावर येऊन थडकली. साहेब धावत उतरले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर स्वतःचा रेनकोट काढून फलकावर टाकला.

"बाई!" ते कडाडले. "थोर विचारवंताचा अवमान, आणि वर विनापरवाना अनावरण!"

"सायेब," धोंडाबाई म्हणाली, "पोर वली व्हती, तुमचं नाव कोरडं व्हतं. म्या फडकं पोरीला दिलं. हितं ज्याचं नाव लिवलंय तो मानूस हितं असता, तर त्यानं सोताचं धोतार फाडून दिलं असतं."

साहेबांनी हे विधान अवमानातच धरलं.

जीपमधून उतरलेल्या समीनानं मात्र आपली ओढणी बाळावर घातली आणि शेवंताला मागच्या बाकावर निजवलं. "काय झालं, मावशी?"

"पोरगी."

"छान झालं."

मोर्चे परतले ते अंधार पडता पडता. गेनबा पुढं, मानसिंग मागं, दोघंही धापा टाकत. "मावशे, तू व्हतीस न्हवं हितं? नाव कुनाचं निघालं?"

"म्या न्हाई बगितलं. मी नात बगत व्हते."

दोघांनाही हे पटलं नाही. पुढं चौकशी बसली. फलकावर आता कुलूपबंद पत्र्याची पेटी आहे, साकव अजून विचाराधीन आहे, आणि ओंडके टाकायला बंदी कायम आहे.

ही हकीकत भोरच्या एसटी स्टँडवर कितीदा तरी सांगून झाली. ऐकणारा तोंडभर हसतो, सरकारला चार शिव्या हासडतो, गेनबाला आणि मानसिंगला अडाणी ठरवतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पण काय हो, नाव नक्की कुणाचं होतं?" तुमच्याही जिभेवर आता तेच आहे. लाजू नका. धोंडाबाईची नात यंदा पासलीच्या शाळेत जायला लागली आहे. आषाढात पाणी तिच्या डोक्यावरून जातं. एखाद्या सकाळी या, तिला खांद्यावर घेऊन अलीकडे आणून सोडा, आणि मग जाता जाता पेटीच्या फटीतून नाव तेवढं वाचून घ्या.