विमलकाकूंचे डोनट

आमच्या शेजारच्या विमलकाकू वस्तूंशी भांडतात. कूलर पाणी उडवू लागला की भिंतीपलीकडून ऐकू येतं, "काहून रे, लई माजला का तू?" कुकरची शिट्टी लांबली की, "चूप बसतं का उतरवू तुले खाली?" अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला वाटतं, या घरात दहा-बारा माणसं असावीत आणि सगळीच्या सगळी नालायक. खरं तर काका गेल्यापासून काकू एकट्याच राहतात.

माणसांशी त्यांचं बोलणं मोजकंच. सुनेशी, म्हणजे स्नेहलशी, तर फारच मोजकं. तीन वर्षांत दोघींची गाडी "जेवली?" आणि "हो" यापुढे सरकली नव्हती. भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं!

यंदा मे महिन्यात मुलगा स्नेहलला पुण्याहून इथे आणून सोडून गेला. तिला तिसरा महिना लागलेला, आणि पोटात पाणीसुद्धा ठरेना. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे माहेर असून नसल्यासारखं. काकूंनी चिंच दिली, लिंबाचं लोणचं दिलं, ताक दिलं. सगळं दहा मिनिटांत बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत काही टिकलं नाही तर भरती करून सलाईन लावू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मैदा, साखर आणि परात घेऊन माझ्या दारात उभ्या.

"सरक वं. तुया गॅस पायजे."

"काय झालं काकू?"

"तिले डोनट खावासा वाटते. व्हॅनिलाचा, वरून साखर लावलेला. आमच्या घरी तेल तापलं का तिले मळमळते. म्हून तुयाकडं तळतो."

"अहो, बेकरीतून आणते मी."

"बाहेरचं? तिच्या पोटाले? येडी का तू?"

मी मोबाईलवरून कृती वाचून दाखवली. मैदा, यीस्ट, कोमट दूध, लोणी. भिजवलेलं पीठ तासभर उबदार जागी ठेवावं, असं त्यात लिहिलं होतं. मे महिन्यातल्या अमरावतीत काकूंनी उबदार जागा शोधली ती गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी. तासाभराने पाहतो तर पीठ परातीतून उतरून कुरडयांना भेटायला निघालेलं, आणि वास गव्हाच्या आंबलेल्या चिकासारखा. काकूंनी त्याला जे सुनावलं ते मला इथे लिहिता येणार नाही. पिठाच्या खानदानाचा उद्धार झाला, एवढंच सांगते.

दुसरं पीठ घरात, माठाजवळ ठेवलं. "आता नीट फुग. नाटकं नाई करायची." ते बिचारं धाकाने नीट फुगलं. पेल्याने गोल पाडले, औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मधली भोकं. मंद आचेवर तळले, पिठीसाखर दुधात कालवून त्यात व्हॅनिला घातला आणि डोनट बुडवून काढले. पण त्या उकाड्यात साखर काही वाळेना. काकू पदराने वारा घालू लागल्या.

"वाळ ना बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या. "ती उपाशी हाय तिकडं."

काकूंना एखाद्या वस्तूची मनधरणी करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन डोनट ताटलीत घेऊन त्या गेल्या. मी भिंतीला कान लावून बसले, उगाच कशाला खोटं बोलू? दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. मोरीतून नेहमीचा तो आवाज काही आला नाही. तासाभराने काकू परत आल्या आणि माझ्या ओट्याला टेकून खाली फरशीवरच बसल्या.

"दीड खाल्ला. झोपली. राह्यलं पोटात."

माझा जीव भांड्यात पडला. आणि पाहते तर काकूंच्या डोळ्यांना धार लागलेली.

"आता कशाला रडता? सलाईन टळलं ना!"

"सलाईनचं नाई वं," पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या. "तीन वर्स झाले तिले आमच्या घरात येऊन. कवा मीठ बी मागतलं नाई तिनं मले. आज सकाळी जवळ आली आन् म्हणे, आई, मला डोनट करून द्याल का?"

मग उठता उठता त्यांनी मला विचारलं, "उद्याले मागन का वं ती अजून कायतरी?"