विंगेतले दामूभाऊ

दामूभाऊंसमोर तुम्ही बोलता बोलता अडलात, तर पुढचा शब्द तुमच्याआधी त्यांना सापडतो. तो ते तुम्हाला देतातही. हळू आवाजात, मान जरा बाजूला वळवून, जणू तो तुमच्याच खिशातून पडला होता आणि त्यांनी फक्त उचलून हातात ठेवला.

आमच्या वडसा गावाला याची सवय आहे. किराणा दुकानात कुणी "अर्धा किलो..." म्हणून आठवायला थांबलं, की मागून आवाज येतो, "तूर डाळ." त्या आवाजात इतकी खात्री असते, की माणूस मुकाट्याने डाळ घेऊन घरी जातो. माझे बाबा असेच एकदा साखर आणायला गेले होते. डाळ बघून आईने विचारलं, "साखर कुठी आहे?" बाबा म्हणाले, "दामूभाऊ होते तिथी." आईने पुढे काही विचारलं नाही.

एका प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुण्यांचं भाषण अडलं. पाहुणे घाम पुसत होते, मुलं उन्हात उभी होती. तेवढ्यात झेंड्यामागून कुणीतरी कुजबुजलं, "आणि म्हणूनच, मित्रहो..." पाहुण्यांना धीर आला आणि भाषण दुप्पट झालं. मुलांनी दामूभाऊंना त्या दिवशी माफ केलं नाही.

यात त्यांचा दोष नाही. त्यांचं सगळं आयुष्य आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गेलं, प्रॉम्प्टर म्हणून. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. नट नागपूरहून येतात, मुंबईहूनही येतात. तालमीला कुणाकडे वेळ नसतो. एखाद्याला आपण खलनायक आहोत हे मिशी चिकटवताना कळतं. अशा वेळी विंगेत संहिता घेऊन दामूभाऊ बसलेले असायचे. वाक्य आधी त्यांच्या तोंडून निघायचं, मग नटाच्या तोंडून, आणि टाळ्या नटाला पडायच्या.

आता गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं आहे, पण कामाने त्यांना सोडलेलं नाही. विंगेत दिसू नये म्हणून घालायचे तो गडद शर्ट ते भर मे महिन्यातही घालतात. बोलतात नेहमी कुजबुजत, पण ती कुजबुज रस्त्यापलीकडच्या ऑटोवाल्याला ऐकू जाते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत ते कधीच बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. "मानूस अडकाच्या आधी त्याचा गळा अडकते," असं त्यांचं म्हणणं. आणि कुणी थांबलं की त्यांचे ठरलेले तीन शब्द. "वाक्य पडलं. उचल."

मी त्यांची शेजारीण. माझी वाक्यं कायमच पडलेली असायची.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी मला येते, पण ती घरातली, चपला काढून ठेवल्यावरची. अनोळखी माणसांसमोर टेबलाच्या या बाजूला बसून बोलायची मराठी माझ्याकडे नव्हती, आणि खरं सांगायचं तर तशी इंग्रजीही नव्हती. समाजकार्याची पदवी घेतल्यावर मी नागपूरला एका मुलाखतीला गेले. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी नाव सांगितलं. त्यानंतर मी आणि ते एकमेकांकडे बघत राहिलो. चंद्रपूरला दुसरी मुलाखत झाली, तिथे आडनावापर्यंत पोचले.

तिसरी गडचिरोलीला होती. खेड्यापाड्यांत बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी काम करणारी एक संस्था, आणि घरोघरी जाऊन बायांशी बोलायचं काम. मुलाखत मराठीत. ही नोकरी मला खरंच हवी होती. आधीच्या दोन्हींना मी फक्त अर्ज केला म्हणून गेले होते. ही मी रात्री झोपताना मनातल्या मनात करूनही बघितली होती, आणि ज्या कामात दिवसभर बोलावं लागतं तेच आपल्याला का हवं, याचं उत्तर मला देता येत नव्हतं.

आईने ही गोष्ट भिंतीवरून दामूभाऊंना सांगितली. ते तसेच उठून आले.

"स्क्रिप्ट कुठी आहे?"

"मुलाखतीला स्क्रिप्ट नसते, भाऊ."

"मंग प्रश्न कोन लिहिते?"

"ते समोर बसल्यावरच विचारतात."

ते खुर्चीवर बसले. "म्हंजे पाठांतर नाई. तालीम नाई. सामनेवाला काय म्हनन ते मालूम नाई." त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "हे तं आपल्या झाडीपट्टीचंच नाटक आहे, पोरी. घाबरते कायले?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तालीम सुरू झाली. आईला चष्मा लावून साहेब केलं. दामूभाऊ स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभे राहिले, कारण समोर बसून त्यांना सुचत नाही.

"तुमचं शिक्षण काय?" आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

"साहेब हासत नसते, बाई," पडद्याने सांगितलं.

मी तोंड उघडलं. पडदा म्हणाला, "समाजकार्यात पदवी घेतली आहे." मी म्हटलं, "समाजकार्यात पदवी घेतली आहे." पडदा म्हणाला, "या मातीचं ऋण फेडण्यासाठी." मी तेही म्हटलं. पडदा म्हणाला, "हात खाली घे." मी आईकडे बघून ठामपणे म्हटलं, "हात खाली घे."

आईने हात खाली घेतला.

मला रडू येणार होतं. दामूभाऊ पडदा सारून बाहेर आले आणि जमिनीवर बसून आवाज न करता हसले. विंगेतल्या माणसाला आवाज करून हसता येत नाही. मग डोळे पुसत म्हणाले, "मोठेमोठे नट फसले, तू कोन? एकदा हिरोची माय मेली होती. हिरो रडून राह्यला. पब्लिक रडून राह्यलं. मले दिसलं, का गड्याचं धोतर सुटून राह्यलं. मी म्हनलं, धोतर सांभाळ. त्यानं मायच्या छातीवर डोकं ठेवलं आन मोठ्यानं म्हनलं, धोतर सांभाळ."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? पब्लिक आनखी रडलं. त्याईले वाटलं, बापाचं धोतर असन, मायची आखरी इच्छा असन."

आमच्या घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. पण हसून झाल्यावर त्यांनी आईला पुन्हा चष्मा लावायला लावला. त्या बाबतीत ते कठोर होते. मी नळावर पाणी भरत असले की भिंतीपलीकडून येई, "तुमची कमजोरी काय?" मी फाटक लावत असले की, "पाच वर्षांनी कुठी असान?" एकदा मी दातांवरून ब्रश फिरवत असताना त्यांनी पगाराची अपेक्षा विचारली. मी बेसिनमध्ये थुंकून उत्तर दिलं. "हे आतापावतरचं सगळ्यात चांगलं उत्तर," ते म्हणाले. "थांबली नाई तू."

थांबण्याचा त्यांना राग होता. "थांबलेला मानूस पब्लिकले मेलेला वाटते," ते म्हणायचे. मी थांबायचे नाही. पण यात एक गडबड होती आणि ती मला दिसत होती. त्यांचा आवाज मागे असला तरच मी बोलायचे. ते दुपारी झोपले असताना आईने एक प्रश्न विचारून बघितला, तेव्हा मी नावावरच अडले. मी कुणाला काही म्हटलं नाही. माझा तो स्वभाव नाही.

आई मात्र बोलली. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी चहा देताना ती सहज म्हणाली, "तुमच्याबिगर बोलन का हो ही, दामूभाऊ?"

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. मग कपाकडे. चहा अर्धा ठेवून ते घरी गेले.

सकाळी मी बसस्टँडवर पोचले, तर गडद शर्ट आधीच तिथे होता. "मी येतो," ते म्हणाले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

संस्थेचं ऑफिस एका कौलारू घरात होतं. व्हरांडा, व्हरांड्यात लाकडी बाक आणि बाकाच्या वरच मुलाखतीच्या खोलीची उघडी खिडकी. आम्ही दोघांनीही ती खिडकी बघितली. ते बाकावर बसले, माझं नाव पुकारलं आणि मी आत गेले.

तिघं होते. मधल्या डॉक्टरबाईंनी सुरुवात केली. नाव, शिक्षण, घरी कोण, इतक्या लांब का यायचं. हे सगळं तालमीत झालं होतं. मी बोलत गेले. 'मातीचं ऋण' आलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या शेजारचे गृहस्थ जरा चमकले, पण मी पुढे गेले.

मग डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "समजा, तुम्ही एका घरी गेलात. बाळ तापलंय. त्याची आई दारात उभी आहे, पण तुमच्याशी एक शब्द बोलत नाही. काय कराल?"

हे आमच्या नाटकात नव्हतं. मी खिडकीकडे बघितलं. बाकाची पाठ दिसत होती. बाकावर कुणी नव्हतं.

मला आधी काही कळलं नाही. मग राग आला. पंख्याचा आवाज येत होता. तिघं माझ्याकडे बघत होते. मी वाट बघितली, आणि कुणीच काही दिलं नाही.

"मी तिथे बसेन," मी म्हणाले, आणि पुन्हा थांबले. कुणी मेलं नाही. "तिला शब्द सापडेपर्यंत बसेन. मी घाई केली, मीच शब्द सुचवला, तर ती त्यालाच हो म्हणेल. मी तशीच आहे. मला कुणी शब्द दिला की मी तोच घेते. माझा वेगळा असला तरी."

"आणि तोवर तापलेलं बाळ?"

"त्याला हात लावून बघेन. ताप सांगायला बाळाला बोलावं लागत नाही."

डॉक्टरबाई हसल्या. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, एक तारखेपासून येता येईल का.

मी बाहेर आले. बाक रिकामाच होता. व्हरांड्यात नाही, रस्त्यावर नाही. दामूभाऊ सापडले ते थेट बसस्टँडवर, सगळ्यात शेवटच्या बाकावर. त्यांच्या गुडघ्यांना ते अंतर सोपं नव्हतं.

"मिळाली," मी म्हटलं.

"कोन बोललं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. मी शेजारी बसले. राग होता, म्हणून विचारूनच टाकलं. "तुम्ही उठून का आलात?"

"जवळ राह्यलो असतो तं तोंड उघडलं असतं. मले राहावत नाई." ते फलाटाकडे बघत होते. मग मी न विचारताच म्हणाले, "आमच्या बाईले लकवा मारला होता. तू लहान असशीन तवा. जीभ जड झाली. 'मले...' म्हने आन तिथीच अडके. मी लगेच म्हनलो, पानी? तिनं मान हालवली. पुढच्या टायमाले म्हनलो, उशी? मान हालवली. लोक म्हने, दामू किती करते बाईचं. मलेही वाटे, आपल्यावानी नवरा कोनाले भेटला. तिचं एक वाक्य मी खाली पडू देल्लं नाई. गेली तवापावतर."

समोर एक माणूस बसच्या टपावर तांदळाची पोती चढवत होता. ते बघत राहिले.

"काल तुझी माय बोलली, तवा रातभर डोक्यात तेच. प्रत्येक टायमाले तिले पानीच नसन पाहिजे."

माझ्या मनात जे आलं ते मी विचारलं. "काय सांगायचं असेल त्यांना, भाऊ?"

दामूभाऊंनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

वडशाची बस लागली. कंडक्टरने दारातून आमच्याकडे बघून हाक मारली. मी हाताने नाही म्हणून खूण केली. बस निघून गेली, धूळ खाली बसली, आणि मी तिथेच बसून राहिले. पुढच्या बसला बराच वेळ होता.