गोलकीपर अण्णा आणि चौकोनी करंजी

अण्णांच्या हातात कोणतीही वस्तू द्यायची नसते, ती त्यांच्याकडे फेकायची असते. शिवाजी पेठेत राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी मला हे कळलं. आमच्या इमारतीत मी तळमजल्यावर आणि अण्णा बरोबर माझ्या डोक्यावर. त्यांचं एक कुरिअर चुकून माझ्याकडे आलं होतं, ते द्यायला मी जिना चढून गेले. बघते तर हे गृहस्थ गुडघे वाकवून, दोन्ही पंजे पसरून दारात उभे.

"टाका, म्याडम."

"अहो, घ्या ना."

"हातात काय घ्यायचं? टाका की!"

शेवटी मी टाकलं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस उजवीकडे झेपावला, पाकीट छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाला, "सुटायचं न्हाय!"

अण्णा तरुणपणी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. खेळणं थांबून जमाना झाला, पण घरातली कोथिंबिरीची जुडी, किल्ल्या, साबणाची वडी अजून हवेतूनच फिरते. खालच्या दुकानदाराने एकदा चेष्टेने अंडं फेकलं. अण्णांनी ते अलगद झेललं आणि वर म्हणाले, "आता दुसरं टाक." त्यांच्या जगात घडणाऱ्या गोष्टी दोनच प्रकारच्या, अडवलेल्या आणि खाल्लेल्या. दाढ काढून आले तेव्हा रुमालाने तोंड धरून मला म्हणाले, "एक गोल खाल्ला." लग्न का केलं नाही असं विचारलं, तर सांगतात, "मॅच असायची." प्रत्येक मुहूर्ताला मॅच कशी असेल, हा माझा प्रश्न. त्यावर उत्तर, "तुमास्नी पेठ म्हाईत न्हाय, म्याडम."

मी राजारामपुरीत गणिताचे क्लास घेते, त्यामुळे समोरचा माणूस सरळ उत्तर देत नसला की माझं डोकं फिरतं. अण्णांनी ते कितीदा फिरवलं, याचा हिशेब मी सोडून दिलाय.

तर एका सकाळी क्लासला निघाले आणि स्कूटरवर बसले. सीट ओली होती. नुसती ओली नाही, आंबूस वासाची. वर बघितलं, तर अण्णांच्या खिडकीच्या गजाला एक जर्सी लटकत होती, खाली गाठ मारलेली, पोट सुटल्यासारखी फुगलेली आणि माझ्या सीटवर टिपटिप गळणारी. जर्सीवर ठळक एक नंबर होता, गोलकीपरचा. मी तशीच वर गेले.

"अण्णा, हे काय आहे?"

"चीज हाय."

"जर्सीत?"

"धुतलेली हाय, म्याडम! एवढं मोठं फडकं घरात दुसरं न्हाय. दुधाच्या कट्ट्यावर जाऊन समोर म्हशीची धार काढून घेतली, लिंबू पिळून दूध नासीवलं. आता पाणी निथळतंय."

"विकत मिळतं की चीज!"

"मिळतंय. पर शालन इचारल न्हवं, चीज कुणी केलं म्हणून?"

शालन म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. कोडोलीला दिलेली, नवरा गेल्यावर ती अण्णांकडे आली आणि इथेच राहिली. अण्णांच्या झेपांमधून घरातली काचेची भांडी वाचवायचं काम तिने वर्षानुवर्षं केलं. तिचा मुलगा इटलीत दुधाच्या कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी तो आईला तिकडे घेऊन गेला. मुलगा चांगला, घर चांगलं, पण शालनताई जेवेनात. घास दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. भाच्याने घाबरून मामाला फोन केला. शेजारची एक इटालियन बाई दर रविवारी मायेने स्वतःच्या हातचं ताट भरून आणून देते, त्यालाही आई बोट लावत नाही, असं तो म्हणाला.

त्या ताटात काय असतं, हे शालनताईंनीच अण्णांना फोनवर सांगितलं. "चौकोनी करंजी असती. पाण्यात उकडलेली, आत चीज. गोड न्हाय, तिखट न्हाय. आपल्यात कोण खातंय रं असलं?"

"मी खातो की!" अण्णा म्हणाले.

"इकत आणून खाशील."

"घरात करून खातो. पिठापास्नं. मी केली तर तू खाशील का?"

त्यावर शालनताईंनी अट घातली म्हणे. म्हणाल्या, "येत्या ऐतवारी मला समोर दाखवायची. अख्खी. एक जरी फुटली तरी मी खायाची न्हाय."

त्या पदार्थाला रॅव्हिओली म्हणतात, हे मी अण्णांना सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चौकोनी करंजीच म्हणत राहिले. पण एकदा पैज लागल्यावर अण्णा मागे हटणार नव्हते. माझ्याकडे कातणं आहे, एवढा एक गुन्हा मला पुरला. त्या आठवड्यात क्लासवरून आले की मला वरून हाक यायची, "म्याडम, कातणं घिऊन या की!" मी कपाळाला आठ्या घालून जायची, पण जायची.

पहिल्या खेपेला चीज ओलं राहिलं. अण्णांनी मैदा आणि अंड्यांचं पीठ परातीत असं मळलं, की परात ओट्यावरून सरकत भिंतीला जाऊन टेकली. पीठ झाकून ठेवलं, त्याला त्यांनी हाफटाईम म्हटलं. पोळ्या लाटल्या, सारण ठेवलं, वरून दुसरी पोळी, कडा दाबल्या, कातण्याने चौकोन कापले. दिसायला झकास. उकळत्या पाण्यात सोडले आणि पहिला फुटला.

"गोल!" अण्णा ओरडले.

लगेच दुसरा. "गोल!" मग तर सगळ्यांचीच रांग लागली. पातेल्यात शेवटी पांढरी आमटी उरली. अण्णा झारा धरून तिच्याकडे पाहत राहिले. समोरच्या घरातून कोणीतरी विचारलं, "अण्णा, कितीनं हारलासा?" अण्णांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या खेपेला चीज जर्सीत घालून, वर पाटा ठेवून चांगलं दाबलं. पण पोळ्या एवढ्या जाड झाल्या, की चावता चावता माझा जबडा दुखायला लागला. तिसऱ्या खेपेला अण्णांनी सारणात कांदा-लसूण मसाला घातला. खरं सांगते, ती खेप खायला फार छान होती. फुटलेल्यासुद्धा मी चमच्याने गोळा करून खाल्ल्या. पण खाता खाता अण्णांनीच हात आखडला.

"न्हाय चालायचं ह्ये."

"का? मस्त झाल्यात की!"

"शालन तिकडं मसाल्याबिगर खाणार, आन् मी हितं मसाला घालून खाऊ? फाऊल हाय ह्यो."

मसाल्याचा डबा त्यांनी फळीवर ठेवून दिला. रविवार जवळ येत चालला होता आणि एकही खेप अख्खी उतरत नव्हती. अण्णांची झोप उडाली होती. मी एकदा हळूच सुचवलं, की फुटक्या बाजूला काढू आणि चांगल्या तेवढ्या दाखवू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने कातणं धुवायला घेतलं.

युक्ती सापडली ती शनिवारी. पातेल्यातली एक करंजी फुटायच्या आधी टम्म फुगली, ते अण्णांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हवा! आत हवा ऱ्हातीया, म्याडम! जल्मभर बॉलमधली हवा दाबून बघितली, आन् ह्ये ध्येनात आलं न्हाय!" मग ते सारणाभोवती बोट फिरवून, हवा एका कोपऱ्याकडे हाकलून, मग कडा दाबायला लागले. पाणीसुद्धा खळखळा उकळू द्यायचं नाही, नुसतं हलतं ठेवायचं. त्या खेपेला एकच फुटली.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे दुपारी जेवायच्या वेळेला, फोन लावायचा होता. त्याआधी अण्णांनी सगळी खेप पाण्यात सोडली. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे होतो. एक एक करंजी तळातून सुटली, वर आली, तरंगली. सगळ्या आल्या. सगळ्या अख्ख्या. अण्णांनी त्या झाऱ्याने ताटात काढल्या, वर लोणी सोडलं आणि मोबाईल टेबलावर डब्याला टेकवून उभा केला.

शालनताई दिसल्या. स्वेटर घातलेला, गालफडं बसलेली. पुढ्यात शेजारणीने दिलेली ताटली तशीच होती. त्या खरंच वाळल्या होत्या. अण्णांचा आवाज एकदम चढला, तो त्यामुळेच.

"बग! मोज! एक बी फुटलेली न्हाय!"

शालनताईंनी डोळे बारीक करून ताट पाहिलं. "कडा जाड ठिवल्यायस."

"पर फुटल्यात का?"

"न्हाय." मग ताटभर नजर फिरवून म्हणाल्या, "मोदक कुठं हाय?"

आमच्याकडे करंज्या केल्या, की शेवटी एक तरी मोदक करायचा, अशी रीत आहे. करंजी ही बहीण आणि मोदक हा भाऊ. भावाशिवाय बहीण एकटी ठेवायची नाही. गडबडीत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"अगं, ह्या चौकोनी हायत," अण्णा म्हणाले. "ह्यास्नी कशाला मोदक?"

"चौकोनी झाली म्हणून काय झालं? भन ती भनच न्हवं?"

उरलेला पिठाचा गोळा अण्णांनी उचलला, पारी केली, सारण ठेवलं. पण चेंडू धरायला घडलेल्या त्या पंज्यांना कळ्या काढायला जमेना. तिकडून शालनताई तापल्या. "आंगठा आत ठेव की! बारीक धर! आरं, पिशवी बांदतोयस का मोदक करतोयस?" आणि बोलता बोलता त्यांनी समोरच्या ताटलीतली एक करंजी हाताने उचलली आणि तोंडात टाकली. त्यांचं लक्ष सगळं अण्णांच्या बोटांवर होतं. "आता पुढची कळी. तिच्या शेजारी." दुसरी उचलली.

अण्णांना कळ्या जमल्या. मी शेजारीच उभी होते, मोदक चांगला उभा राहिला होता, नुसतं टोक जुळवायचं बाकी होतं. तेवढ्यात त्यांचा अंगठा आत गेला आणि सगळ्या कळ्या सपाट झाल्या.

"मोडला गं."

"आरं द्यवा! एवढं बी जमंना तुला?" शालनताईंनी तिसरी उचलली. "परत धर. सावकाश."

"अण्णा," मी म्हटलं, "चांगला झाला होता की आता."

टेबलाखालून त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. नजर मोबाईलवरून हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संघ पुढे असला, की गोलकीपर चेंडू कवटाळून बसतो, बुटाची नाडी सोडतो, परत बांधतो. अण्णा वेळ काढत होते. मोदक जमत आला की मोडत होते, तिकडून शिव्या खात होते, आणि तिकडची ताटली रिकामी होत होती. मग मीही लाटणं पाडलं, ते टेबलाखाली शोधत बसले.

शेवटी शालनताईंनी बोटाने ताटली निपटली. "बास झालं आता. जमला त्यो. टाक पाण्यात."

मोदक उकडून वर आला, वाकडाच. अण्णांनी तो करंज्यांच्या शेजारी ठेवून दाखवला. त्या म्हणाल्या, "हां. आता तू जेव." आणि फोन बंद झाला.

अण्णा खुर्चीवर बसले. लोणी थिजलेल्या ताटाला त्यांनी हातही लावला नाही.

"म्याडम, ताटली रिकामी झालती न्हवं?"

"झाली की. तुमच्या समोरच होती."

"व्हय, पर शेवटी शेवटी मला काय दिसंना झालतं." त्यांनी मैद्याच्या हातानेच डोळे पुसले. माझ्यापासून लपवलंसुद्धा नाही.

"निपटून खाल्लं त्यांनी, अण्णा," मी म्हटलं. "काही ठेवलं नाही."