गेरू लावलेले पंजाबराव

ऐन व्याख्यानाच्या दिवशी सकाळी पंजाबरावांच्या अंगावर पित्त उठलं. मनगटापासून मानेपर्यंत लालभडक चट्टे! नखानं खाजवावं, तर नखाची रेघसुद्धा फुगून वर यायची.

"वांग्याचं भरीत बाधलं," सासूबाई मनकर्णाबाईंनी दुरूनच निदान केलं. "पुन्हा पुन्हा वाढून घेत होते, तवाच म्या म्हटलं होतं."

"भरीत नाही हो, मामी. आज मले कॉलेजात बोलाचं हाय, अन् हे काय होऊन राह्यलं!"

"बोला ना. कोन नाही म्हनते? पन पहिले गेरू."

हो-नाही म्हणेपर्यंत पंजाबराव कमरेच्या वर गेरूनं माखले गेले, घोंगडीत गुंडाळले गेले आणि चुलीजवळ बसवले गेले. जीव नुसता रडकुंडीला आला.

रडकुंडीला येण्यासारखंच होतं. खामगावच्या त्या कॉलेजात पंजाबराव प्राणिशास्त्र शिकवायचे, पण तात्पुरते. दर उन्हाळ्यात घरी बसवायचे, जूनमध्ये परत बोलवायचे. त्या पगारावर बिऱ्हाड काय करणार? बायकोसकट सासुरवाडीला मुक्काम. आज नागपूरचे बडे तज्ज्ञ डॉ. बेलोरकर व्याख्यान ऐकणार होते, आणि त्यांनी मान डोलावली तर नोकरी कायम.

विषय होता मास्ट पेशी. कातडीखाली बसलेल्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या. त्या फुटल्या की खाज सुटते, पित्त उठतं. या पेशी येतात कुठून, यावर शास्त्रज्ञांत वाद होता. त्या कातडीखालीच जन्मतात, असं बेलोरकरांचं पुस्तक छातीठोक सांगत होतं. पंजाबराव उंदीर चिरून चिरून वेगळ्याच मताला आले होते. पेशी जन्मते हाडातल्या मज्जेत, कच्ची असतानाच रक्तातून निघते, आणि मुक्कामी पोचल्यावर पिकते. पुरावा कच्चा होता, पण मन सांगत होतं, हेच खरं.

पण मन काही पगार देत नाही. तेव्हा साहेबांचंच वाक्य म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. रात्री आरशासमोर ते वाक्य घोकत असतानाच मानेवर पहिला चट्टा उठला होता. त्यांना वाटलं, डास असेल.

सासूबाई पाण्याला गेल्या तशी पंजाबरावांनी घोंगडी फेकली, गेरूवरच पांढरा सदरा चढवला आणि सायकल हाणली. घामानं गेरू सुटला. कॉलेज येईस्तोवर सदऱ्याची पार दशा झाली होती.

"हे काय हो? होळी खेळून आलात?" प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

बेलोरकर पहिल्या बाकावर होते. त्या उकाड्यातही कोट, गळ्यापर्यंत बटणं. पंजाबराव बोलू लागले. सुरुवात बरी झाली. पण जन्माचा मुद्दा जवळ येऊ लागला तशी खाज वाढत चालली. पाठ त्यांनी फळ्याला घासली. मुलं फिदीफिदी हसली.

"मुद्द्यावर या," बेलोरकर म्हणाले. "ही पेशी जन्मते कुठे?"

"ती... त्या... तिथंच..." पंजाबरावांचे ओठसुद्धा सुजले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "जवाईबापू! गेरू वाळाच्या आधी काऊन पळाले? वारं लागलं म्हंजे पित्त आत जाते!"

एका हातात वाटी, खांद्यावर घोंगडी, मनकर्णाबाई थेट टेबलापाशी!

"बाई, इथे शास्त्राची चर्चा चालू आहे," बेलोरकर करडेपणानं म्हणाले.

"करा न चर्चा. पित्त पोटातून येते. माह्या मायनं सांगतलं हाय."

"पोटातून नाही. ते कातडीतच..."

"पोटातून!"

पंजाबरावांच्या बाजूला सासू, समोर साहेब, आणि अंगभर आग. धीरच सुटला.

"ना पोटातून, ना कातडीतून!" ते ओरडले. "हाडातून येते! मिरचीचं रोप वाफ्यात होते, वावरात लावलं की तिखट होते. तशी हे पेशी! तुमचं पुस्तक चुकलं, साहेब!"

 आणि नवल म्हणजे खाज थांबली. चट्टे बघता बघता बसू लागले.

बेलोरकर उठले. "पुरावा?"

"कच्चा हाय."

"मग नोकरीही कच्चीच बरी," असं म्हणून ते बाहेर पडले. प्राचार्य मागोमाग धावले. संपलं सगळं! आता पुढचा जून, पुन्हा तात्पुरतं, पुन्हा सासूबाईंचं भरीत. पंजाबराव डोकं धरून व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"पाहा," मनकर्णाबाई खुशीत म्हणाल्या, "गेरूनं गुन आला का नाही?"

"आला, मामी. लय आला."

इतक्यात खांबाआडून कोणी हळूच खाकरलं. बेलोरकर. एकटेच. इकडेतिकडे बघत त्यांनी कोटाची वरची बटणं सोडली. गळ्यापासून खाली लालभडक चट्टेच चट्टे.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "वाटीत थोडा गेरू राहिला आहे का?"

पंजाबराव पायरीवरून उठले. "साहेब, हे कधीपासून?"

"पुस्तक निघालं तेव्हापासून."

मनकर्णाबाईंनी घोंगडी पायरीवर अंथरली.

"बसा," त्या म्हणाल्या. "अन् तो कोट काढा पहिले."