गृहीत काय धरलंय?

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी एका पुरुषाला, त्याने न घातलेल्या मागणीचं उत्तर दिलं. नुसतं दिलं नाही. नारायणपेठ नेसून, केसांना मेंदी लावून आणि बशीत चार गूळपोळ्या घेऊन दिलं. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, त्यामुळे त्या कोवळ्या पोरीला मी बऱ्यापैकी माफ केलं आहे. पण अजूनही कपाट उघडताना ती नारायणपेठ हाताला लागली की मी पुटपुटते, “गप्प बस, बये.”

तो पुरुष म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे कर्नल साळवे. आमची सोसायटी भिंगारच्या रस्त्याला आहे. चार मजले, सोळा घरं, एक अरुंद जिना आणि एक लिफ्ट. लिफ्ट जितके दिवस चालली, त्याच्या कितीतरी पट जास्त दिवस तिच्यावरची ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी टिकली आहे. मिलिटरीतली माणसं आम्हा नगरकरांना नवी नाहीत. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमची तावदानं वाजतात आणि आम्ही आमटीत मीठ टाकत राहतो. पण हे कर्नल वेगळ्या जातकुळीचे निघाले. त्यांना कुठलीही गोष्ट सरळ करता येत नसे. आधी तिचा प्लॅन लागे, आणि प्लॅनच्याही आधी एक प्रश्न.

पहिल्यांदा तो प्रश्न माझ्यावर आला तो मटकीवरून. मी जिन्यात आमच्या मंदाला सांगत होते, “उद्या मटकीची उसळ करू गं.” वरून खर्जातला आवाज आला, “मॅडम, गृहीत काय धरलंय?”

“म्हणजे हो?”

“मटकीला मोड येतील, हे तुम्ही गृहीत धरलंय. थंडी वाढली आहे. तसं झालं नाही तर? पर्याय दोन तयार असू द्या.”

दुसऱ्या दिवशी मटकी जशीच्या तशी. रागारागाने मी पिठलं केलं. मंदा म्हणाली, “ताई, ह्यो पर्याय दोन, न्हाई का?”

मग बायकांची शिर्डीची सहल निघाली. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, सकाळी निघायचं, दर्शन घेऊन संध्याकाळी परत, इतकी साधी गोष्ट. पहिल्या मजल्यावरच्या लोखंडेवहिनींनी चुकून ती कर्नलांच्या कानावर घातली. तिसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या दाराखालून अकरा पानं सरकली. त्यात गळीत हंगाम असल्यामुळे उसाच्या ट्रॉल्या राहुरीच्या पुढे रस्ता कुठे अडवतील, हे होतं. कुणाला उलटी होते, ती कुठे बसेल, हे होतं. परिशिष्ट ‘ग’मध्ये कोल्हारपर्यंतची स्वच्छतागृहं होती, शेरे मारलेली: ‘बरे’, ‘नाइलाज असेल तरच’. शेवटी तीन पर्याय होते. पर्याय तीन: न जाणे.

वहिनी कडाडल्या, “अहो कर्नलसाहेब, आम्ही बाबांच्या दर्शनाला चाललोय, लढाईला नाही!”

“वहिनी, लढाई सोपी. तिथे अठराजणींना एकाच वेळी चहा प्यायचा नसतो.”

सहल त्या अकरा पानांबरहुकूम पार पडली. इतकी सुरळीत, की परत आल्यावर कुणाकडे सांगायला काही उरलंच नाही. ना गाडी बंद पडली, ना कुणी हरवलं, ना कुणाचं भांडण झालं. वहिनींनी त्यांना याबद्दल अजून क्षमा केलेली नाही.

मूळचे ते देवळाली प्रवऱ्याचे. वडील कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची नोंद ठेवायचे. बौद्धवाड्यातून निघून फौजेत अधिकारी झालेला हा पहिलाच मुलगा. नोकरीच्या शेवटी शेवटी ते आंतरराष्ट्रीय शांतिसेनेत, आफ्रिकेतल्या एका देशात दोन वर्षं जाऊन आले. आम्हाला वाटायचं, शांतिसेना म्हणजे निळी टोपी घालून, बंदूक धरून, दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहणं. कर्नल म्हणायचे, “मी निळी टोपी घालून टेबलापाशी बसायचो, मॅडम. उभे राहायचे ते दुसरे. कुणी, कुठे, किती दिवस उभं राहायचं, त्यांचं पाणी कुठून येणार, पाऊस लागल्यावर कुठला रस्ता बंद होणार, हे मी लिहायचो. तिथली माती आमच्या देवळालीच्या काळ्या रानासारखी. उसाच्या गाड्या कुठे रुततात ते मी लहानपणी पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर परदेशी साहेब मला शहाणा समजायचे.”

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आला आणि त्यांना बंगळुरूला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला कुलूप आहे. मी मटकी भिजत घालते. मोड येतात, कधी नाही येत. जिन्यात मला कुणी काही विचारत नाही. तो प्रश्न मीच स्वतःला विचारून पाहिला, पण खर्ज लागत नाही.

असो. तर ती नारायणपेठ.

मंदा मिरजगावची. सातवी पास, आणि त्या सातवीचा तिला फार अभिमान. ती माझ्याकडे आणि कर्नलांकडे, दोन्हीकडे कामाला होती. एके दिवशी लादी पुसता पुसता ती थांबली आणि म्हणाली, “ताई, येक सांगू का? कर्नलसायेब तुमच्यावर लिवत्यात.”

“माझ्यावर? काय लिहितात?”

“समदं. तुमी कवा उटता, कवा दूध आनता, कुटल्या पायरीवर थांबता. लई बारीक अक्षरात हाय.”

“तू लोकांच्या वह्या वाचतेस, मंदा?”

“न्हाई वो! उगडीच हुती. फडकं मारता मारता दिसली.”

मी तिला चांगली झापली. आणि दुसऱ्याच दिवशी रिकामा डबा परत द्यायच्या निमित्ताने वर गेले. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी जन्म काढला. दुसऱ्याची नोंदवही टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूने वाचणं ही माझी कमाई आहे. कर्नल चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात मी माझं पान वाचलं.

‘६.१०, दूध. जिना उतरायला चार मिनिटं. मधल्या पायरीवर थांबते. डावा हात कठड्याला, उजवा गुडघा दुखरा. ९.३० ला दिवा बंद, झोप नाही, रेडिओ बारापर्यंत. हाक मारली तर पहिल्या हाकेला ऐकू येत नाही, दुसऱ्या हाकेला रागावते.’

आणि आतून कपबशांचा आवाज येईपर्यंत वाचता आलेली शेवटची ओळ: ‘नवऱ्याचा फोटो हॉलमध्ये. खिळ्यावरून सहज निघतो.’

मी चहा न पिताच खाली आले.

आता बघा, आमचे हे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मी बारापर्यंत जागी असते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाला नव्हतं; तो पुण्याहून फोन करायचा आणि “जेवलीस का” विचारून ठेवायचा. आणि हा माणूस माझी पायरी न् पायरी मोजत होता! अव्वल कारकुनाने पुरावे मांडायला घेतले. एक: बाकीच्या बायकांना ‘वहिनी’ म्हणतात, मला ‘मॅडम’. दोन: मटकीची काळजी. तीन: विधुर आहेत. चार, आणि निर्णायक: फोटो. या माणसाने वाटेतल्या अडचणीचासुद्धा विचार करून ठेवला होता! खिळ्यावरून सहज निघतो म्हणे! मला भयंकर राग आला. आणि मी आरशासमोर जाऊन उभी राहिले.

आठ दिवस मी झुरले. हो, झुरले, दुसरा शब्द नाही. सकाळी दुधाला जाताना मधल्या पायरीवर जरा जास्तच थांबायला लागले. वहीत नोंद नीट व्हावी म्हणून. रेडिओ जरा मोठा लावला. मग आठव्या दिवशी ठरवलं, की आता त्या बिचाऱ्याला फार ताटकळत ठेवणं बरं नाही.

मंदाने मला दारातच पाहिलं. “ताई, कुनाच्या लग्नाला निगाला?”

“कुणाच्या नाही. वरच्या मजल्यावर.”

“गूळपोळ्या घिऊन?”

“तू भांडी घास.”

कर्नलांनी दार उघडलं. मी बसले नाही. भाषण पाठ होतं, बसले असते तर विसरले असते. म्हटलं, “कर्नलसाहेब, मी सगळा विचार केला आहे. या वयात लग्न वगैरे मला जमायचं नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण माझा मुलगा फार बोलतो. मात्र रोज संध्याकाळचा चहा बरोबर घ्यायला माझी हरकत नाही. आणि फोटो आहे तिथेच राहील. त्याला हात लावायचा नाही.”

ते इतके स्तब्ध उभे राहिले की मला वाटलं, आनंदाने. मग अगदी हळू, जणू एखादी काचेची वस्तू खाली ठेवावी तसं, त्यांनी विचारलं, “मॅडम, गृहीत काय धरलंय तुम्ही?”

मी वहीकडे बोट दाखवलं.

त्यांनी हसायला हवं होतं. मीच त्यांच्या जागी असते तर पोट धरून हसले असते. ते हसले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, वही आणली आणि पहिल्या पानापासून उघडली. सोळा घरं. सोळाही घरांतली सगळी म्हातारी माणसं. आग लागली, गॅस भडकला, भूकंप झाला, तर एका अरुंद जिन्यातून कोण कुणाला खाली आणणार, त्याचा प्लॅन. लोखंडेवहिनींच्या पानावर होतं: ‘लोणच्याच्या बरण्या, पाच. समजूत घालणे अशक्य. एक माणूस फक्त बरण्यांसाठी.’ चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या पानावर: ‘कवळी. आधी ती शोधणे.’ माझ्या फोटोची ओळ ज्या रकान्यात होती त्याला शीर्षक होतं, ते उलटं वाचताना माझ्याकडून निसटलं होतं. आता सुलटं वाचलं: ‘काय घेतल्याशिवाय निघणार नाही’.

जमीन दुभंगावी, सीतामाईसारखं आत जावं, असं वाटलं. आणि खरं सांगू? लाज वाटली ती थोडी. त्याहून मोठं काहीतरी आत रिकामं झालं. आठ दिवस भरलेलं घर पुन्हा रिकामं करून कुणी किल्ली हातात द्यावी, तसं.

कर्नल खिडकीकडे बघत बोलायला लागले. “तिकडे आफ्रिकेत एक वस्ती हलवायची होती, मॅडम. प्लॅन माझा. ट्रक किती, किती वाजता, पाऊस लागायच्या आत. सगळं बरोबर होतं. गृहीतकांत चौथं मी लिहिलं होतं: सूचना मिळताच लोक निघतील. सगळे निघाले. एक म्हातारी अर्ध्या वाटेवरून परत फिरली. दळायचा दगड राहिला होता तिचा. ट्रक वेळेवर सुटले. मीच लिहिलं होतं, वेळेवर सुटायचं.”

“मग तिचं काय झालं?”

“ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो. लांब, पंख्याखाली होतो. मला ती अहवालात भेटली, एका ओळीत. नाव नव्हतं. पाऊस लागला, रस्ता बंद झाला. मी बदली होईपर्यंत दर आठवड्याला विचारत राहिलो. अजूनही तिथलं हवामान बघतो रोज, मोबाईलवर. उगीच. लोक काय सोडून येणार नाहीत, हे विचारलंच नव्हतं मी कुणाला.”

मी पानं उलटत राहिले. शेवटचं पान त्यांचं स्वतःचं होतं. घर क्रमांक, वय, जिना उतरायला दोन मिनिटं. ‘काय घेतल्याशिवाय निघणार नाही’ यापुढे एक आडवी रेघ. ‘कोण आणणार’ हा रकाना बाकी सगळ्या पानांवर भरलेला होता. कितीतरी ठिकाणी, माझ्याही पानावर, ‘साळवे’ असंच लिहिलेलं होतं. इथे काहीच नव्हतं. रेघसुद्धा नाही.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी रिकामा रकाना कधी पुढे जाऊ दिला नाही. टेबलावरचं पेन उचललं आणि तिथे ठळक अक्षरांत माझं नाव लिहिलं: शकुंतला.

कर्नलांनी चष्मा लावला. वही जवळ घेतली. वाचलं. मग माझ्या गुडघ्याकडे एकदा पाहून म्हणाले,

“मॅडम, तुम्ही जिना चढून वर याल तोवर मी दोनदा खाली जाऊन येईन. पण खोडू नका ते नाव. मी थांबेन.”