डब्यातला बाण

"ह्या वर्षी बुवा वेळेच्या आधी येतील. वाट चुकायची सोयच ठेवली न्हाय मी," असं आप्पासाहेबांनी कळंबच्या देवळात जाहीर केलं आणि तिरक्या नजरेनं रावजीकडं पाहिलं.

सप्ताहातल्या मोठ्या कीर्तनाला बुवांना भिगवण स्टेशनावरून आणायचा मान आप्पासाहेबांच्या घरात वडलांपासून चालत आलेला. पण गेल्या साली जीप वाटेत रुसली. बुवा येईस्तोवर टाळकऱ्यांच्या घशाला कोरड पडली. तेव्हा रावजी भर मंडपात म्हणाला होता, "पुढल्या साली उशीर झाला, तर मान आमच्याकडं." चारजणांनी माना डोलावल्या होत्या.

यंदा मात्र आप्पासाहेबांकडं यंत्र होतं. पुतण्या इंद्रजितनं अमेरिकेहून आणलेलं, मुठीत मावणारं. काचेत एक काळा बाण. देवळाची जागा इंद्रजितनं त्यात भरून दिली होती आणि जाताना बजावलं होतं, "काका, आभाळातले उपग्रह ह्याला वाट सांगतात. पण गडी जरा मठ्ठ आहे. मधेच गोठतो. मग मोकळ्या आभाळाखाली धरायचं आणि दम खायचा."

आप्पासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाईंनी नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं यंत्राला हळदीकुंकू लावलं, धूळ आणि दृष्ट दोन्ही लागू नये म्हणून भाकरीच्या स्टीलच्या डब्यात फडक्यावर निजवलं, वर झाकण घट्ट बसवलं.

भिगवणला बुवा रेल्वेगाडीतून वेळेवर उतरले. जीप निघाली. पुढं कालव्याचा पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणून आप्पासाहेबांनी उसातल्या कच्च्या वाटेला जीप घातली. दोन्ही बाजूंनी ऊस असा उभा, की वर बघितलं तर आभाळाची नुसती पट्टी.

"आता बघा गंमत," म्हणत त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, देवाचा पडदा सारून दर्शन घ्यावं तसं क्षणभर आत पाहिलं आणि झाकण लावलं. "डावीकडं."

बुवांना भारी नवल वाटलं. "ह्याला आपण हितं आहोत हे कळतं कसं?"

"वरनं चार उपग्रह सांगत्यात."

"आणि चौघांचं एकमत होतं?"

"व्हय तर."

"मग आपल्या पंचकमिटीपेक्षा बरे की."

पुढच्या फाट्याला दर्शन झालं. बाण डावीकडं. त्याच्या पुढच्या फाट्यालाही डावीकडंच. मग एका विहिरीपाशी बांधावर गवत कापणारी, वस्तीवरची साखरबाई दिसली. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा गवताला लागली.

"अजून डावीकडंच?" बुवांनी विचारलं.

"यंत्राचं म्हणणं तसंच हाय."

थोड्या वेळानं पुन्हा एक विहीर लागली. साखरबाई डोक्यावर भारा घेऊन घराकडं चालली होती.

"ह्या भागात विहिरी अगदी जुळ्या दिसतात," बुवा म्हणाले.

आप्पासाहेबांनी जीप थांबवली, डबा मांडीवर घेतला, झाकण लावूनच दम खाल्ला. मग हळूच उघडलं. बाण जागचा हललेला नव्हता. "गोठलं वाटतं. पुतण्या म्हणला हुता, मोकळ्या आभाळाखाली धरा," ते पुटपुटले, आणि मानाचा प्रश्न म्हणून डावीकडं वळले.

तिसऱ्या खेपेला विहिरीपाशी साखरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात टाळ घेऊन उभी होती.

"आबा, काय हरवलंय का? मघाधरनं हितंच फिरताय."

"आक्का, कळंबचं देऊळ..." आप्पासाहेब डब्याकडं बघत म्हणाले. साऱ्या जन्मात त्यांनी कळंबची वाट कुणाला विचारली नव्हती.

"त्यो काय उसावर कळस दिसतोय. मीबी तिकडंच निघालीया. घाई न्हाय, बुवाच आलं न्हाईत म्हणं अजून."

मागच्या बाकावर बुवा उपरण्यात तोंड घालून हसले. साखरबाईला पुढं बसवून जीप निघाली.

"आप्पासाहेब," बुवांनी वाटेत विचारलं, "पुतण्यानं मोकळं आभाळ सांगितलं होतं ना? मग झाकण कुणी सांगितलं?"

"घरातनं," आप्पासाहेब म्हणाले.

देवळापाशी रावजी हार घेऊन आणि घड्याळाकडं बघत उभा होता. आप्पासाहेबांनी डबा उघडाच मंडपाबाहेरच्या ओट्यावर ठेवला आणि खांबाआड जाऊन बसले.

कीर्तन मात्र असं रंगलं, की चिपळ्यांच्या ठेक्यावर पोरं पण झोपायची विसरली. मधेच बुवा थांबून म्हणाले, "मंडळी, वाट दाखवणारा वरून सारखा दाखवतच असतो. आपण त्याला कुंकू लावतो, डब्यात ठेवतो, झाकण लावतो. आणि मग म्हणतो, देव बोलत नाही." मंडप खदखदला. डब्याची खरी गोष्ट ठाऊक नसलेला रावजी सगळ्यात जास्त हसला. आप्पासाहेबांनी पाणावलेले डोळे पुसले. हसून की लाजून, त्यांचं त्यांना माहीत.

आरती झाल्यावर रावजी पुढं आला. "उशीर झाला. मान आमचा."

"बुवांना आणलं कुणी?" बुवांनीच विचारलं. "आम्ही तर विहिरीभोवती प्रदक्षिणा घालत होतो. ह्या माउलीनं आणलं."

सगळ्यांच्या माना साखरबाईकडं वळल्या. ती गोंधळली. "मला कुठं जीप येतीया? आबा चालवतील. मी म्होरं बसून वाट सांगीन." पंचांना ते पटलं. आप्पासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मान गेला होता, पण जीप हातात राहिली होती.

तेवढ्यात त्यांचं लक्ष बाहेरच्या ओट्याकडं गेलं. उघड्या आभाळाखाली यंत्र जागं झालं होतं. बाण हलला, डुलला आणि थेट गाभाऱ्याकडं तोंड करून उभा राहिला.

"अगं, बघ, बघ," त्यांनी द्वारकाबाईंना हाक मारली. "पोचलं."

द्वारकाबाईंनी आत डोकावलं. "पोचलं न्हवं? मग काढा त्याला. उद्या भाकरी कशात न्यायच्या?"