बहात्तर अंशांचं न्याय्य वाटप

कोणतीही गोष्ट नीट चालत असेल, तर तिची वाटणी अजून व्हायची आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. राज्याचं तसं, घराचं तसं, आणि दुधाचंही तसंच. आमचा दूध संघ कुकटपल्लीच्या अंगाला, दोन कारखान्यांच्या मधे, कित्येक वर्षं नीट चालला होता. त्याच्याकडे किती अक्षम्य दुर्लक्ष झालं असेल, याची कल्पना यावी. सुदैवानं राज्याचे दोन भाग झाले आणि ही चूक दुरुस्त करायची संधी चालून आली.

संघाच्या कचेरीत मी सभांचं इतिवृत्त लिहिते. आमची लेक आवारातल्या पाळणाघरात असते. तिथून रडू ऐकू येईपर्यंत मी सरकारची, त्यानंतर तिची. (आत्ता झोपली आहे. घाईनं लिहिते, चूक असेल तर सांभाळून घ्या.)

आधी यंत्र सांगितलं पाहिजे, कारण सगळं राजकारण त्याच्याभोवती आहे. दूध बहात्तर अंशांपर्यंत तापवून लगेच गार केलं की त्यातले जंतू मरतात. हे काम प्लेटांचं एक यंत्र करतं. पोलादी पातळ पत्रे, अंगावर पन्हाळी नक्षी, एकापुढे एक उभे करून फ्रेममध्ये घट्ट आवळलेले. एका फटीतून दूध, शेजारच्या फटीतून गरम पाणी. दोघांची गाठ पडत नाही, पण ऊब पोचते. (आमच्या बऱ्याच संसारांना जमलं नाही ते या यंत्राला जमतं.)

आता यातली गोम. दूध अरुंद फटीतून जोरात पळवलं तर ते ऊब झटकन घेतं, पण ढकलून ढकलून पंपाचा जीव जातो. वाटेत दाब घटतो, म्हणून तो आधीच वाढवावा लागतो, आणि सांध्यांतल्या रबरी गॅसकेटी फुटतात. ऐसपैस फटीतून सावकाश सोडलं तर पंप सुखी, पण दूध कोमट. लेकराला मऊ भात भरवणारीला हे शिकवावं लागत नाही. घाई केली की पोर फुर्रकन सगळं अंगावर उडवतं, रमतगमत भरवलं की भात गार होतो. मधला वेग सापडला की पोट भरतं. तो वेग रोज नव्यानं शोधावा लागतो, एवढंच.

पूर्वी आमच्याकडे हा वेग एकनाथराव आणि हिम्मतराव शोधत. एकच टेबल, एकच चहाची किटली. एकनाथराव तापमानाचा काटा बघत, हिम्मतराव दाबाचा, आणि दोघं मिळून पंपाची चावी फिरवत. पुनर्रचनेत ही अनागोंदी प्रथम बंद झाली. ताप विभाग आणि दाब विभाग वेगळे झाले. तापमानाचा काटा एकाच्या मालकीचा, दाबाचा दुसऱ्याच्या. एकमेकांचा काटा पाहायचा असेल तर तीन प्रतींत अर्ज. काटे एकाच पाइपवर, हातभर अंतरावर आहेत. त्यामुळे हिम्मतराव तिथून जाताना डाव्या डोळ्यावर हात धरून जात. शिस्त म्हणतात ती ही.

दुसरी सुधारणा मालमत्तेची. वाटप समितीचे अध्यक्ष नरहरराव, तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं घराणं, सही करताना टोपण आधी बाजूला ठेवून त्याकडे क्षणभर पाहणारे. त्यांनी नियम घालून दिला: जे काही आहे ते लोकसंख्येच्या प्रमाणात, शंभरातले अठ्ठावन्न तिकडच्या राज्याला, बेचाळीस इकडच्या. खुर्च्या गेल्या. पंखे गेले. कॅन्टीनचा तवा एकच असल्यानं तो वर्षातले सात महिने तिकडे राहील असं ठरलं. मग समिती यंत्रापाशी आली. प्लेटा मोजल्या. बरोबर शंभर निघाल्या.

"याला म्हणतात दैवी संकेत," नरहरराव म्हणाले. "अपूर्णांकच नाही."

अठ्ठावन्न प्लेटा गोणपाटात बांधून रवाना झाल्या. फ्रेम मात्र कापता येईना. ती दोन्ही राज्यांच्या राजधानीसारखी दहा वर्षं सामाईक राहील, असा ठराव झाला. तिकडे फ्रेम नाही, त्यामुळे त्यांच्या प्लेटा भिंतीला टेकून उभ्या आहेत असं कळतं. न्याय दोन्ही बाजूंना सारखा झाला.

बेचाळीस प्लेटांवर यंत्र सुरू झालं. शहराची तहान वाटली गेली नव्हती, म्हणून दूध तेवढंच आलं आणि निम्म्याहून कमी फटींतून जवळजवळ अडीचपट वेगानं धावू लागलं. ताप विभागानं पहिल्याच आठवड्यात यशाचा अहवाल दिला: दर प्लेटेमागे उष्णतेची कामगिरी जवळजवळ दुप्पट. (प्लेटाच कमी, म्हणून एकूण दूध चौसष्ट अंशांवरच अडकलं होतं, पण अहवालाचा मथळा 'दर प्लेटेमागे' असा होता.) दाब विभागानं त्याच दिवशी आणीबाणी जाहीर केली: दाबाची घट पाचपट, दोन गॅसकेटी फुटल्या, हिम्मतरावांचा सदरा दुधानं भिजला.

ताप विभाग म्हणाला, वेग वाढवा. दाब विभाग म्हणाला, वेग कमी करा. नरहररावांनी संतुलन साधलं. सम तारखांना ताप, विषम तारखांना दाब. एकतीस तारखेमुळे दाब विभागाला वर्षात सात दिवस जास्त मिळतात, ही तक्रार अजून प्रलंबित आहे.

इथे सरोजताईंना आणणं भाग आहे. सरोजताई प्रयोगशाळेत. दुधाच्या प्रत्येक टाकीवर त्यांची सही झाल्याशिवाय पाकीट फाटकाबाहेर पडत नाही. काचीगुड्याला घर, सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं करून बाई पहिल्या पाळीला हजर. त्या समितीपुढे म्हणाल्या, "यात एवढं परेशान व्हायचं काय आहे? प्लेटा कमी आहेत तर दूध कमी चालवा. नाहीतर नव्या प्लेटा घ्या."

"वाटणी पूर्ण होईतो खरेदी बंद आहे," नरहरराव म्हणाले. "आणि दूध कमी केलं तर शहर ओरडेल."

"मग चौसष्टावर मी सही करणार नाही."

"बाई, चौसष्ट कमी आहे असं तुम्हाला का वाटतं?"

"बहात्तर लागतात म्हणून."

नरहररावांनी टोपण बाजूला ठेवलं. त्याकडे पाहिलं. "बहात्तर हे अखंड राज्याचं तापमान होतं," ते म्हणाले.

मी हे इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं, आणि लिहिताना त्यातली तर्कशुद्धता माझ्या ध्यानात आली. बहात्तरचे बेचाळीस टक्के म्हणजे तीस अंश आणि वर थोडं. आमच्या वाट्याला कायद्यानं तेवढेच अंश येतात. उरलेले बेचाळीस अंश शेजारच्या राज्याचे. ते आपण आजवर बेकायदा वापरत आलो. चौसष्ट अंश गाठणारा आमचा संघ उद्दिष्टाच्या दुपटीहून पुढे होता. एकनाथरावांना शाल देण्यात आली. (मे महिना होता. शाल त्यांनी तीस अंशांच्या वर असलेल्या सभागृहात, घामानं निथळत, पूर्ण वेळ पांघरली.)

अडचण एकच उरली. यंत्रातून दूध निघतं त्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह असतो. दूध बहात्तराला पोचलं नाही की तो ते आपोआप मागे फिरवतो, पुन्हा तापायला. या व्हॉल्व्हला पुनर्रचनेचं परिपत्रक मिळालं नव्हतं. त्याला तीस अंशांवर बसवण्यात आलं. त्यानंतर त्यानं कधीही हरकत घेतली नाही. मग दोन्ही विभागांनाही पंप पुरेपूर सावकाश किंवा पुरेपूर जोरात चालवायची गरज उरली नाही. मधोमध कुठेतरी चालवून चहाला जायचं. दूध कधी पन्नासवर यायचं, कधी पंचावन्नवर. बाहेर उन्हात उभं राहिलेलं कच्चं दूधही उद्दिष्ट पार करूनच फाटकात शिरायचं, म्हणून गरम पाण्याची बचत दाखवता आली.

मागे फिरवणारं आता कोणी असेल तर सरोजताई. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि सही थांबवली.

हट्टामागचं कारण लपलेलं नव्हतं. आमच्या पाळणाघरात अठरा मुलं. आगीच्या नियमामुळे तिथे शेगडीला मनाई. बाहेरून दूध आणायलाही मनाई, कारण संघाच्याच मुलांनी घरचं दूध प्यायलं तर जनतेत काय संदेश जाईल? म्हणून यंत्रातून निघालेलं दूध थेट वाट्यांत जातं, कित्येक वर्षं तसंच जात आलं आहे. तिथल्या जयवंताबाईंनी आदल्या दिवशी वाटी हातात धरून पाहिली होती.

"हे असं कसं लागतंय हो सरोजताई? उतरल्यासारखं."

"नक्को देऊ पोरांना," सरोजताई म्हणाल्या होत्या. "पेज दे."

"हौ, पेज देते. पण किती दिवस देऊ? ही बारकी तर तोंडच फिरवते." बारकी म्हणजे आमची. ती पेजेकडे असं पाहते, जसे नरहरराव अपूर्णांकाकडे.

सही नाही म्हणून पहिल्या सकाळी एकही ट्रक सुटला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. नरहरराव शांत होते. प्रसंग समजलेल्या माणसाला घाई नसते. त्यांनी फाटक फक्त उघडं ठेवायला सांगितलं.

तिसऱ्या सकाळी शहर आलं. स्कूटरवरून, ऑटोतून, विद्यानगरची प्राध्यापक मंडळी, काचीगुड्याची वकील मंडळी, हातात पिशव्या, कोणाच्या पोटात चहा नाही. सरोजताई बाहेर आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. प्लेटा, अंश, व्हॉल्व्ह. काही न लपवता, अगदी सोप्या शब्दांत. मला वाटलं, आता हे लोक समितीच्या खोलीत शिरणार. मी वही छातीशी धरून बाजूला झाले, वाट असावी म्हणून.

पुढे उभ्या होत्या त्या विद्यानगरच्या कुसुमताई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढंच होय? मला वाटलं दुधातच काही पडलंय."

"अहो, दूध कच्चं आहे जवळजवळ."

"असू दे की. आमच्याकडे पाकीट आलं की आधी पातेल्यात. तीनदा वर येईस्तोवर उकळते मी. तुमच्या बहात्तराच्या भरवशावर कोण बसलंय?"

"मुद्दा तो नाही, ताई."

"मुद्दा चहाचा आहे," मागून कोणी म्हणालं, आणि हशा झाला.

"बाई, तुम्ही सही करा," एक वकीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "तापवायचं आम्ही बघतो. उगा खालीपिली शहर अडवलंत."

"आणि जे तापवू शकत नाहीत ते?"

"तापवत नाही असं घर दाखवा मला," कुसुमताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मायेचाच होता. सरोजताईंनी पाळणाघराकडे बोट केलं. पण पत्र्याच्या त्या खोलीपुढे ट्रकची रांग होती, आणि लोकांना ट्रकच दिसले.

तिथल्या तिथे निवेदन तयार झालं. मजकूर वकीलसाहेबांचा, नेमका: 'दूध तापवण्याची जबाबदारी आम्ही ग्राहक स्वखुशीनं घेत आहोत, सही अडवणाऱ्या संबंधित बाईंवर कारवाई व्हावी.' खाली सह्या. संपूर्ण पुनर्रचनेच्या काळात संघाकडे बाहेरून आलेली ही एकमेव लेखी तक्रार.

समितीनं लोकेच्छेपुढे मान तुकवली. सरोजताईंना विकल्प विचारण्यात आला, म्हणजे नोकरी कोणत्या राज्यात हवी ते. त्यांनी इकडचा दिला, म्हणून तिकडचा मिळाला. (विकल्प विचारायचा तो कर्मचाऱ्याला काय नको आहे ते कळावं म्हणून.) आजारी सासऱ्यांच्या कारणावर नरहररावांनी सहानुभूती नोंदवायला सांगितली, मी ती नोंदवली. सरोजताई आता तिथे आहेत, भिंतीला टेकवलेल्या अठ्ठावन्न प्लेटांच्या देखरेखीला. इथे त्यांच्या सहीचा शिक्का करून घेतला. तो कोणीही मारतो, सम आणि विषम दोन्ही तारखांना.

यातून जे धोरण निघालं त्याचं श्रेय, ग्राहकहो, नि:संशय तुमचं आहे. समितीनं पाहणी केली, तेव्हा असं आढळलं की पाणी तुम्ही घरी गाळता, वीज गेली तर इन्व्हर्टर लावता, शाळा असूनही मुलांना शिकवणीला पाठवता. तेव्हा कोणतीही गोष्ट पूर्ण करून तुमच्यापर्यंत पोचवणं हा तुमच्या कर्तबगारीचा अपमान होय. शेवटचा टप्पा यापुढे सर्वत्र ग्राहकाकडे. उष्णता तुमची, दाबही तुमचा. इतकं अचूक संतुलन आमच्या एकनाथराव-हिम्मतरावांनाही एका टेबलावर कधी साधलं नव्हतं.

फक्त एक बाब अंमलबजावणीची राहिली आहे. आमच्या अठरा मुलांची दुधाची वेळ सकाळी अकरा. पेज आता ती घेत नाहीत. दूध तापवण्याची जबाबदारी तुम्ही स्वखुशीनं घेतली आहे, आणि त्या वाक्यात घरी की दारी, असं काही म्हटलेलं नाही. तेव्हा मोठं पातेलं आणि शेगडी घेऊन साडेदहापर्यंत या. शेगडी फाटकाबाहेर लावा, आत मनाई आहे.

फाटकावर नाव सांगायची गरज नाही. सह्या आमच्याकडे आहेत.